मागच्या आठवड्यात यायला हवं होतं

टोक्योतल्या प्रत्येक ऑफिसात असा एक तरी माणूस असतो, ज्याच्याकडे सोमवार ते बुधवार कोणाचं लक्ष जात नाही आणि गुरुवारी दुपारनंतर ज्याच्या टेबलाभोवती चार खुर्च्या सरकतात. आमच्या ऑफिसात ते काचो. काचो म्हणजे सेक्शनचे साहेब. इथे साहेबाला हुद्द्यानेच हाक मारतात, त्यामुळे त्यांचं आडनाव घेण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पन्नाशी उलटलेली, सूट करडा, केस करडे आणि मीटिंगमधलं बोलणंही करडंच. बुचो, म्हणजे त्यांच्याही वरचे साहेब, काही विचारतात तेव्हा काचो दातांच्या फटीतून श्वास आत ओढतात आणि मान जराशी कलती करतात. एवढ्यावरून बुचोंनी 'नाही' असं समजून घ्यायचं असतं. प्रोजेक्ट दोन महिने मागे पडलं तरी काचो याच्या पुढे जात नाहीत.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र त्यांच्या स्क्रीनवर समुद्राच्या लाटांचा अंदाज उघडतो. "शनिवारी दीड मीटर," ते हवेत बघून म्हणतात. दीड मीटर म्हणजे होड्या जाणार. होड्या जाणार म्हणजे मासे येणार, मासे येणार म्हणजे काचो जाणार, आणि काचो जाणार म्हणजे आम्हालाही जावं लागणार. तीन मीटरचा आकडा दिसला तर त्या शुक्रवारी रजेचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभं राहू नये.

आम्ही म्हणजे मी आणि एक नवा पोरगा. मला नेतात त्याचं कारण, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ओळख करून देताना मी समुद्रकाठच्या गावचा आहे असं बोलून गेलो. नव्या पोराला नेतात कारण तो नवा आहे, आणि नव्याने साहेबाला नाही म्हणायचं नसतं. त्याला मासे आवडत नाहीत. तो तळलेल्या चिकनवर वाढलेला आहे, आणि त्यात तो एकटा नाही. जपानात माशांचा माणशी खप 2001 साली वर्षाला चाळीस किलोंवर पोचला होता. तिथून तो घसरत जवळजवळ निम्म्यावर आला आहे, आणि 2011 च्या सुमाराला मांसाने माशाला मागे टाकलं. काचोंना हे आकडे पाठ आहेत, आणि ते सांगताना त्यांची नजर पोराकडे असते. ही सगळी घसरण त्या एकट्याने केली असावी असा त्यांचा स्वर असतो.

काचोंचं तत्त्व एका ओळीचं आहे: मासा जिथे उतरला तिथेच जाऊन खायचा. टोक्योत काय मिळत नाही? डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात उतरलं तर अख्ख्या जपानचे समुद्र काचेमागे मांडून ठेवलेले असतात. पण काचो तिथे फक्त लेबलं वाचायला जातात. कुठला मासा कुठल्या बंदरावरून आला ते वाचायचं आणि पुढच्या शनिवारी त्या बंदरावर जायचं. 2018 साली त्सुकिजीचा मासळीबाजार तोयोसुला हलला तेव्हा सगळं टोक्यो हळहळलं. काचोंनी मान कलती केली. "तिथेही ट्रकनेच यायचा, इथेही ट्रकनेच येतो," एवढंच म्हणाले.

त्यांचं सामान ठरलेलं. गळ्यात पांढरा टॉवेल, खांद्याला बर्फाच्या पिशव्या भरलेली निळी पेटी, हातात घडीचं स्टूल आणि खिशात सोया सॉसची बोटभर बाटली. हॉटेलातल्या सॉसवर त्यांचा विश्वास नाही. बाटलीतला सॉस चोशीचा. चोशी हे चिबा प्रांताच्या पूर्व टोकाचं गाव, माशांचं जेवढं तेवढंच सोया सॉसचं. हिगेता कंपनी 1616 पासून आणि यामासा 1645 पासून तिथे सॉस मुरवत आहेत, आणि वारा फिरला की रस्त्यावर त्याचा वास येतो. काचो चोशीला जातानाही चोशीचा सॉस टोक्योहून बरोबर नेतात.

आणि कागद. एका कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेलं वेळापत्रक शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टेबलावर येऊन पडतं. ऑफिसच्या कामाचं एवढं बारीक नियोजन मी त्यांच्या हातून कधी पाहिलेलं नाही. कुठल्या डब्यात बसायचं म्हणजे उतरल्यावर जिना समोर येतो, कोणी किती वाजता रांगेत उभं राहायचं, सगळं लिहिलेलं. एका ओळीत "समुद्र पाहणे : बारा मिनिटे". त्यापुढे "रांग", आणि तिच्यापुढे वेळेची जागा कोरी. रांग किती असेल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि काचो खोटं लिहीत नाहीत.

तर चोशी. टोक्यो स्टेशनात जमिनीखाली पाच मजले उतरायचं, तिथून शिओसाई नावाची एक्सप्रेस सुटते आणि दोन तासांच्या आत जमीन संपते त्या ठिकाणी आणून सोडते. गाडीत काचो बोलतात. आठवडाभर साठवलेलं बोलणं त्या दोन तासांत बाहेर येतं. दक्षिणेकडून येणारा कुरोशिओचा ऊबदार प्रवाह आणि उत्तरेकडून येणारा ओयाशिओचा थंड प्रवाह चोशीच्या समोर एकमेकांना भिडतात, वर तोने नदी आपलं पाणी आणून ओतते, म्हणून तिथे मासा थांबतो आणि पोसतो. 2011 पासून पुढे सलग दहा वर्षांहून जास्त काळ जपानात सगळ्यात अधिक टन मासा याच बंदरात उतरला. मुख्यतः तारली आणि सबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा लांबचा नातेवाईक. त्यातला मोठा हिस्सा माणसाच्या ताटात जातच नाही, मत्स्यशेतीचं खाद्य होतो किंवा गोठून परदेशी जातो. हे सांगताना काचोंचा आवाज उतरतो. पोरगा तेव्हा तोंड उघडं टाकून झोपलेला असतो.

आम्ही गेलो तो रविवार होता. शनिवारी लाटा तीन मीटरच्या होत्या, म्हणून बेत एक दिवस पुढे ढकलला होता. म्हणजे शनिवारी होड्या गेल्या नव्हत्या आणि रविवारी लिलाव नव्हता. जपानातल्या त्या जंगी बंदरावर आम्ही तिघं उभे होतो आणि नजर पोचेल तिथवर धुतलेलं सिमेंट पसरलं होतं. वर घारी फिरत होत्या, त्याही बेत चुकल्यासारख्या.

इथे जरा थांबून सांगतो, कारण या छंदाची खरी गोम इथेच आहे. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन ताजा मासा खाणं ही कल्पना मुळातच अडचणीची. रविवार जसा साहेबाचा तसा कोळ्याचाही. बहुतेक बंदरांत आदल्या रात्री होड्या निघत नाहीत आणि सकाळी बोली लागत नाही. मग हजारो टोक्योकर गाड्या भरभरून समुद्रावर येतात आणि आदल्या दिवशीचा मासा ताजा म्हणून खाऊन जातात. खरा ताजा मासा बुधवारी-गुरुवारी मिळतो, आणि गुरुवारी काचो ऑफिसात बसून लाटांचा अंदाज बघत असतात. त्यांना हे कळत नाही असं नाही. पण सतरा दिवसांची रजा शिल्लक असताना एक गुरुवार मागणं त्यांच्या स्वभावात बसत नाही.

बारा मिनिटं समुद्र पाहून आम्ही चोशीच्या छोट्या रेल्वेत बसलो. साडेसहा किलोमीटरचीही नाही ती रेल्वे. तिकिटांवर तिचं पोट भरेना तेव्हा 2006 साली कंपनीने लोकांना सरळ विनवलं, की गाडी दुरुस्त करायला पैसे हवेत, आमच्या सेनबेई, म्हणजे तांदळाच्या ओलसर पापड्या, विकत घ्या. लोकांनी घेतल्या, आणि आजही ती रेल्वे गाडीपेक्षा सेनबेईवर जास्त चालते. पोराने लगेच दोन पाकिटं घेतली. वाटेत इनुबोसाकीचं 1874 सालचं दीपगृह लागतं, पांढरंशुभ्र, आत नव्याण्णव पायऱ्या. काचो कधी वर चढत नाहीत. वरून मासे दिसत नाहीत, हे त्यांचं कारण.

शेवटचं स्टेशन तोकावा. उतारावरच्या गल्ल्या, खाली बंदर आणि मध्येच सहा टेबलांचं जेवणघर. रांगेतल्या स्टुलावर काचो बसले, आम्ही उभे. दीड तासाने आत गेलो. चालवणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या पुढच्या असतील.

"मासा आजचा का?" काचोंनी विचारलं. हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, पाण्याच्या आधी.

"आज इथे माझ्याशिवाय ताजं काही नाही," आजीबाई म्हणाल्या. "किन्मे परवाचा आहे. आणि परवाचाच बरा."

किन्मेदाई हा लालभडक, मोठ्या सोनेरी डोळ्यांचा खोल पाण्यातला मासा. तिथले कोळी तो गळाने धरतात. काचोंनी श्वास दातांतून आत घेतला. आजीबाईंनी अशी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असावीत, कारण हातातलं फडकं न थांबवता त्यांनी शिकवणी सुरू केली. मासा होडीवरच डोक्यात टोचा मारून एका क्षणात मारायचा, रक्त सोडायचं, मग बर्फात ठेवायचा. पहिल्या दिवशी मांस ताठ असतं, दाताला मजा येते पण जिभेला काही कळत नाही. चव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते. तारली-सबाचं तसं नाही, तेलकट मासा थांबत नाही, तो त्याच दिवशी खायचा.

आजीबाईंचं म्हणणं पुस्तकातही बरोबर आहे. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतली शक्ती देणारी द्रव्यं हळूहळू मोडत जातात आणि त्यातून जे तयार होतं तेच माशाची चव. सुकवलेल्या कात्सुओ माशामधून हा चवीचा पदार्थ 1913 साली कोदामा शिंतारो यांनी शोधून काढला. म्हणजे अगदी ताजा मासा खाणारा माणूस चवीच्या जरा आधी पोचलेला असतो. हे मी काचोंना सांगितलं नाही. आजीबाईंनी सांगितलं ते त्यांना पुरेसं लागलं होतं.

मग ताट आलं. सोया सॉस, साके आणि साखरेत मंद शिजवलेला किन्मे, चमकदार तपकिरी रसात बुडालेला, वर आल्याच्या सळया. काचोंनी स्वतःची बाटली बाहेर काढली, रसाकडे पाहिलं आणि परत खिशात घातली. डोळ्याच्या खोबणीतला मऊ भाग आधी, मग गालाचं मांस, मग पाठ. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. शेवटी ताटात एक सांगाडा राहिला, इतका स्वच्छ की शाळेच्या प्रयोगशाळेत टांगता आला असता. काचोंनी चॉपस्टिक आडव्या ठेवल्या, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"मागच्या आठवड्यात यायला हवं होतं."

"मागच्या आठवड्यात आम्ही बंद होतो," आजीबाई आतून म्हणाल्या.

'चांगलं' हा शब्द काचो माशाच्या बाबतीत वापरत नाहीत, त्यामुळे हा निकाल नीट समजून घ्यावा लागतो. "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं" म्हणजे उत्तम. "काल यायला हवं होतं" म्हणजे अप्रतिम, आयुष्यात असं क्वचित. "पुढच्या महिन्यात येऊ" म्हणजे वाईट, पण दुकानदार ऐकतो आहे. आणि एक निकाल ते फक्त सांमाच्या बाबतीत देतात. शरद ऋतू आला की निखाऱ्यावर भाजून, वर किसलेला मुळा घालून खायचा हा तलवारीसारखा मासा एके काळी गरिबाचं अन्न होता. 2008 साली जपानी होड्यांनी तो साडेतीन लाख टनांच्या आसपास धरला, 2022 साली वीस हजार टनही नाही. पाणी गरम होत गेलं आणि थवे दूर गेले. भाजलेला सांमा पुढे आला की काचो म्हणतात, "पंधरा वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

कायसेन-दोन या प्रकाराशी त्यांचं वैर आहे. भाताच्या वाडग्यावर सात-आठ तऱ्हांचे कच्चे मासे रचतात, वर नारिंगी मोत्यांसारखी गाभोळी, आणि पर्यटक आधी फोटो काढतात. काचो त्या वाडग्यावरून बोट फिरवत झडती घेतात: हा साल्मन नॉर्वेचा, ही गाभोळी होक्काइदोची, हा टुना कुठला देव जाणे. "आणि ही कोळंबी," ते माझ्याकडे वळतात. कोळंबी भारतातली निघण्याची शक्यता खरंच बरीच असते, आंध्रच्या तळ्यातून गोठून आलेली, माझ्यासारखीच व्हिसा काढून. या एका बाबतीत मी देशाच्या वतीने खाली बघतो.

टोक्योजवळच्या शोनानच्या किनाऱ्यावर पारदर्शक कच्ची शिरासू, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, मिळते, पण ती होडी गेली त्याच दिवशी. दुकानाबाहेर पाटी लागते, आज आहे किंवा आज नाही. आज नाही अशी पाटी काचो टोपी काढून वाचतात. त्याबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही, आम्ही उकडलेली खाऊन परत आलो.

पण मिसाकीबद्दल लिहायलाच हवं. मिउरा द्वीपकल्पाच्या टोकाला मिसाकी हे टुनाचं बंदर आहे. टोक्योतल्या शिनागावाहून केइक्यू रेल्वेची गाडी साधारण तासाभरात जवळच्या स्टेशनावर पोचवते, आणि त्या रेल्वेचं एक फार लोकप्रिय तिकीट आहे: जाणं, येणं, बस आणि टुनाचं जेवण सगळं त्यातच. शनिवारी अर्धं टोक्यो तिथे असतं. काचो तत्त्वासाठी तिथे जात नाहीत. कारण मिसाकीचा टुना मिसाकीसमोर धरलेला नसतोच. लांब पल्ल्याची जहाजं हिंदी महासागरात, अटलांटिकमध्ये महिनोन्महिने फिरतात, मासा जहाजावरच गोठवतात आणि उणे साठ अंशांत ठेवून घरी आणतात. लिलावाच्या वेळी पांढऱ्या हिमाने माखलेले टुना ओळीने पडलेले असतात आणि व्यापारी शेपटीची चकती बघून भाव करतात.

एका वर्षी बुचोंच्या मनात आलं की सगळ्या विभागाने मिसाकीला जावं. बुचोंच्या मनात आलं म्हणजे झालं. समुद्र दिसेल अशा खिडकीशी बावीस माणसं बसली, लालबुंद टुनाची ताटं आली, बुचोंनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "समुद्रावर आल्याशिवाय असा ताजा मासा मिळत नाही!"

"खरंच!" एकवीसपैकी एकोणीस जण म्हणाले. मी तोंडात घास ठेवला होता. काचो समुद्राकडे बघत होते. दात मिटलेले, मान सरळ. मान कलती केली तर संपलंच.

तेवढ्यात नवा पोरगा, भिंतीवरची जाहिरात वाचत, निष्पापपणे म्हणाला, "पण हा गोठवलेला असतो ना? उणे साठ?"

बावीस माणसांच्या खोलीत एवढी शांतता मी जपानातही ऐकलेली नाही. बुचोंचा घास हवेत थांबला. सगळ्यांनी काचोंकडे पाहिलं, कारण पोरगा त्यांच्या सेक्शनचा. तीस वर्षांची नोकरी एका बाजूला आणि आयुष्यभराची श्रद्धा दुसऱ्या बाजूला. काचोंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"उणे साठ अंशांत काळ थांबतो," ते म्हणाले. "म्हणून हा मासा धरला त्या क्षणाइतकाच ताजा आहे. बुचोंचं बरोबर आहे."

बुचो प्रसन्न झाले, घास आत गेला, पुन्हा बोलणी सुरू झाली. परतताना स्टेशनच्या फलाटावर काचो पोराजवळ गेले. "तू बरोबर होतास," एवढंच म्हणाले आणि दुकानातून त्याला तळलेल्या चिकनचा पुडा घेऊन दिला. पुढच्या शनिवारी ते एकटेच फेरीत बसून टोक्योचं आखात ओलांडून बोसोला गेले आणि तिथे कोळ्यांचा नामेरो खाऊन आले, म्हणजे होडीवरचाच ताजा अजी मासा, मिसो, आलं आणि कांद्याच्या पातीबरोबर सुरीने ठेचलेला. माझ्या मते ते प्रायश्चित्त होतं.

घरी त्यांचं कोणी ऐकत नाही, असा माझा तर्क आहे. रविवारी रात्री निळी पेटी भरून येते आणि वहिनींना लहानशा फ्लॅटमध्ये तो वास मंगळवारपर्यंत पुरतो. मुलगी कॉलेजात आहे. तिला सुशी आवडते, पण पट्ट्यावरून फिरत येणारी, आणि त्यातही साल्मनच. कच्चा साल्मन जपानी माणूस पूर्वी खात नसे, समुद्रातल्या साल्मनमध्ये जंत असतात म्हणून. नॉर्वेने आपला पाळलेला साल्मन घेऊन 1980 च्या दशकात इथे प्रचार केला आणि पुढच्या पिढीचा तो आवडता मासा झाला. काचो मुलीला त्या दुकानात नेतात, बिल देतात आणि स्वतः चहा पितात.

युईला मात्र आमची गाडी जरा वेगळ्या रुळावर गेली. सुरुगा आखाताच्या काठावर हे छोटं बंदर आहे. त्या आखातात साकुरा एबी नावाची बोटाच्या पेराएवढी गुलाबी कोळंबी मिळते. वसंतात आणि शरदात मिळून फक्त दोन हंगाम, उन्हाळाभर बंदी, आणि होड्या जोडीने रात्री निघतात. सगळ्या होड्यांची कमाई एकत्र करून वाटून घेतात, म्हणजे हावरेपणाने कोणी समुद्र खरवडत नाही. नोव्हेंबर होता. बंदरावरच मच्छीमारांच्या सोसायटीचं दुकान आहे, तिथे त्या कोळंबीची भजी तळून देतात. काचो नेहमीप्रमाणे डोळे मिटून खात होते आणि मी बोलून गेलो, "हा तर आमचा जवळा!"

काचोंचे डोळे उघडले. मी सांगत सुटलो: किनाऱ्यावर वाळत घातलेला जवळा, कांद्या-खोबऱ्यावर परतलेला, वर कोकम, तांदळाची भाकरी. त्यांनी खिशातून वही काढली. कुठल्या महिन्यात? कुठल्या बंदरावर? होडी किती वाजता येते? मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. म्हणून मी रत्नागिरीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. इथे साडेबारा म्हणजे तिथे सकाळचे नऊ, मामा मिरकरवाड्याच्या बंदरावरच होते. ते रोज तिथेच असतात, मासा घ्यायचा असो वा नसो.

पुढचं माझ्या भाषांतराशिवायच झालं. मामांनी कॅमेऱ्यासमोर एक सुरमई धरली. काचोंनी सुरमईला वाकून नमस्कार केला. मग त्यांनी आपल्या गळ्याशी दोन बोटं नेऊन उघडून दाखवली. मामांनी ओळखलं आणि सुरमईचे कल्ले उचलले, आत लालभडक. काचो म्हणाले, "ओओ." मामा म्हणाले, "बघ म्हणावं." मग मामांनी मासा खाली ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाले, "आज काय खास नाय रे. तुझ्या साहेबाला सांग, परवा यायला हवा होतास म्हणावं."

मी सांगितलं. काचो स्टुलावरून उठले, टोपी काढली आणि फोनला कमरेतून वाकून नमस्कार केला. बुचोंनाही ते एवढे वाकत नाहीत.

सोमवारी माझ्या टेबलावर कागद आला. टोक्यो ते मुंबई विमान, मुंबई ते रत्नागिरी पहाटेची वंदे भारत, "समुद्र पाहणे : बारा मिनिटे", त्यापुढे मामा. काचोंनी विचारलं, ही गाडी कधी उशिरा येते का, आणि येत असेल तर किती मिनिटं? मी दातांच्या फटीतून श्वास आत ओढला आणि मान कलती केली. त्यांना कळलं.

जपानात आलात आणि किनाऱ्यावर जाऊन मासे खायचे असतील, तर गुरुवारी जा, रविवारी जाऊ नका. तारली त्याच दिवशीची मागा, किन्मे परवाचा चालेल. अशा एखाद्या साहेबाने बोलावलं तर जरूर जा, त्याच्याइतका चांगला वाटाड्या मिळायचा नाही. फक्त घरून निघताना पोहे खाऊन निघा, कारण त्याच्या कागदावर रांगेपुढची वेळ कोरीच असते.